डीवाय/डीएक्स हा अपूर्णांक आहे की नाही? चेन रूल कुणी नीट समजावेल का?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शाळा गावातच. आता रोज एसटीनं सांगलीला येते-जाते. डिफरन्शिएशन (एक गोष्ट बदलली की दुसरी कुठल्या दरानं बदलते ते काढणं) सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि चेन रूलपाशी गाडी अडली आहे. गणितं सुटत नाहीत असं नाही, पण का सुटली ते कळत नाही. चुकलं तर कुठं चुकलं तेही सापडत नाही.

अडचणी दोन आहेत. पुस्तकात दिलंय, वाय यूवर आणि यू एक्सवर अवलंबून असेल तर : डीवाय/डीएक्स = डीवाय/डीयू गुणिले डीयू/डीएक्स. मी क्लासमध्ये विचारलं, वरचा आणि खालचा डीयू कटतो म्हणून का? सर म्हणाले, "छे, तो अपूर्णांक नाहीच. कट करायचं नाही." आणि फिजिक्सच्या तासाला मात्र दुसरे सर तोच डीएक्स सरळ उचलून बरोबरच्या पलीकडं नेतात. मग खरं काय?

दुसरी अडचण कंसाची. साइन ऑफ एक्स स्क्वेअर घ्या. मैत्रिणीनं उत्तर लिहिलं कॉस एक्स गुणिले २एक्स. मी लिहिलं कॉस २एक्स. बरोबर उत्तर आहे कॉस ऑफ एक्स स्क्वेअर गुणिले २एक्स. सूत्रात "एफ डॅश ऑफ जी ऑफ एक्स" असं आहे, त्यातला डॅश नक्की कुणावर आहे हेच मला दिसत नाही.

पाठ कर, सवय होईल, असं सगळे सांगतात. ते सोडून सांगा, ही विनंती.

भडंगप्रेमी

प्रश्न आवडला. माझं सगळं शिक्षण कॉमर्सचं, पण हा धागा शेवटपर्यंत वाचणार. भडंगाची पुडी सोडलेली आहे, मंडळी, होऊ द्या सुरू.

लेथ_आणि_मी

ताई, कुपवाडला आमचं छोटं वर्कशॉप आहे, तिथली गोष्ट सांगतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे. मोटरवर तीन इंची पुली, पट्टा वर शाफ्टवरच्या नऊ इंचीला. म्हणजे शाफ्ट मोटरच्या एक तृतीयांश वेगानं, ४८० फेरे. त्याच शाफ्टवर दुसरी चार इंची पुली, तिथून पट्टा मशीनच्या आठ इंचीला. मशीन शाफ्टच्या निम्म्यानं, २४० फेरे.

आता मोटरच्या मानानं मशीन किती फिरतं? एक तृतीयांश गुणिले एक द्वितीयांश, एक षष्ठांश. १४४० भागिले ६, २४०. मधला शाफ्ट हिशोबातून गेला, पण तो नसता तर मशीन हललंच नसतं. तुमचा यू म्हणजे हा शाफ्ट. नवीन पोरगा कामाला आला की आधी मी त्याला हेच करायला लावतो, खडूनं पुलीवर खूण करायची आणि हातानं पट्टा ओढून फेरे मोजायचे.

द्राक्षबाग_तासगाव

काका, हे एकदम कळलं. पण पुलीचं गुणोत्तर दिवसभर तेच राहतं. साइन ऑफ एक्स स्क्वेअरमध्ये ते दर ठिकाणी बदलतं. माझा गोंधळ तिथंच आहे : बदलतं गुणोत्तर कुठं मोजायचं?

कृष्णाकाठ

तुमचा हा शेवटचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सांगलीत पावसाळ्यात आपण सगळे एकच आकडा बघत असतो, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. त्या रात्री मी गॅलरीत बसून मोबाईलवर दर तासाचा आकडा वहीत उतरवत होतो. खाली रस्त्यावर पाणी एकेक पायरी चढत होतं. वही अजून आहे, कडा पाण्यानं फुगलेल्या.

आता तीन गोष्टी धरा. घड्याळातली वेळ, पुलाखालून जाणारा विसर्ग (क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी) आणि पातळी. विसर्ग वेळेवर अवलंबून, पातळी विसर्गावर. समजा आत्ता विसर्ग तासाला दोन हजार क्युसेकनं वाढतोय, आणि आत्ताच्या विसर्गाला दर हजार क्युसेकमागं पातळी पाव फूट चढतेय. मग पातळी तासाला किती चढेल? पाव गुणिले दोन, अर्धा फूट. झाला चेन रूल. (आकडे सोयीसाठी घेतलेत.)

पण "आत्ताच्या विसर्गाला" हे शब्द पुन्हा वाचा. नदी पात्रात असते तेव्हा दोन्ही काठांत दाबलेली असते, हजार क्युसेक वाढले की पातळी भराभर चढते. काठ सोडून मळ्यांत, गल्ल्यांत पसरली की तेच हजार क्युसेक रुंदीत विरतात, पातळी कमी चढते. म्हणजे "हजार क्युसेकमागं किती फूट" हा दर विसर्ग किती आहे त्यावर ठरतो. समजा रात्रीचे दहा वाजलेत आणि विसर्ग ऐंशी हजार आहे. तर हा दर ऐंशी हजारापाशी बघायचा. "दहा"पाशी बघितला तर दहा क्युसेकवरची नदी बघितल्यासारखं होईल.

तुमच्या मैत्रिणीनं नेमकं हेच केलं. साइनच्या बदलाचा दर कॉस, हे बरोबर. पण साइनच्या पोटात गेलंय काय? एक्स स्क्वेअर. मग कॉस तिथंच मोजायचा, कॉस ऑफ एक्स स्क्वेअर. तिनं तो एक्सपाशी मोजला, म्हणजे विसर्गाच्या जागी घड्याळ ठेवलं. तुम्ही तर आतला दर, २एक्स, उचलून कॉसच्या पोटात टाकला. म्हणजे ऐंशी हजाराच्या जागी "तासाला दोन हजार" ठेवल्यासारखं झालं.

कराडकर

उदाहरण झकास, पण नदी एवढी साधी नाही हो. कोयना आमच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, तिथून ते पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो. शिवाय धोम धरणाचं येतं, वाटेतल्या ओढ्यांचं येतं, हरिपुराला वारणा मिळते तिचा फुगवटा मागं येतो. पातळी एकट्या विसर्गावर कुठं अवलंबून आहे?

भडंगप्रेमी

आणि अलमट्टी धरण?

कृष्णाकाठ

अलमट्टीचा धागा वेगळा आहे आणि कित्येक वर्षं चालूच आहे, तिकडं भेटू. इथं पोरीची परीक्षा आहे.

कराडकर, मुद्दा बरोबर. अशी अनेक कारणं असली की प्रत्येक वाटेचा वेगळा गुणाकार करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. पुढं इंजिनिअरिंगला तेच येतं. बारावीत वाट एकच असते, म्हणून नुसता गुणाकार.

वाईची_मावशी

मी गणितवाली नाही, भाषेची. पण लेकाची बारावी जवळून पाहिली आहे. "डिफरन्शिएट विथ रिस्पेक्ट टू एक्स" हे त्याच्या वहीत पानोपानी. एकदा त्यानंच विचारलं, "आई, एक्सला कसला रिस्पेक्ट द्यायचा?" मी हसले आणि मग थबकले. रिस्पेक्ट म्हणजे मान ना? मग "एक्सच्या मानानं"! आपण रोज बोलतो, वयाच्या मानानं उंच आहे, पावसाच्या मानानं पेरण्या कमी झाल्या. वर लेथवाल्या भाऊंनीही सहज लिहिलं, "मोटरच्या मानानं मशीन किती फिरतं". तेच हे.

तेव्हापासून तो डीवाय/डीयू असं वाचायचाच नाही, "यूच्या मानानं वाय किती बदलतो" असं म्हणायचा. म्हणायला लांब पडतं, पण खालचा माणूस कोण ते दर वेळी तोंडातून निघतं.

जाता जाता : आमच्या वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडात (१९७६) या विषयाची नोंद "अवकलन व समाकलन" अशी आहे. मराठीत वाचायला मिळालं की इंग्रजी पुस्तकाची भीती कमी होते, हा घरचा अनुभव.

गणिताचे_मास्तर

मावशी, मी साताऱ्यात तीस वर्षं हेच शिकवलं आणि "च्या मानानं" मला सुचलं नव्हतं. उद्यापासून वापरणार. निवृत्त आहे, पण शेजारची मुलं येतात.

बाळ, तुझ्या डॅशच्या प्रश्नाचं मूळ असं आहे की तुमच्या पुस्तकात दोन घराण्यांच्या लिप्या एकत्र नांदतात. डीएक्स, डीवाय हे लायब्निझचं. त्याच्या १६७५ च्या टिपणांत ते आहे, छापून आलं १६८४ मध्ये. त्याच्या मनात ते खरोखरच अतिसूक्ष्म फरक होते, म्हणून अपूर्णांकासारखं लिहिलं. न्यूटन वर टिंब द्यायचा, आणि ते टिंब काळाच्या मानानं. फिजिक्सच्या वरच्या वर्गांत अजून भेटेल. डॅश लाग्रांजचा, त्याच्या १७९७ च्या ग्रंथातला. लिमिटचा भक्कम पाया कोशीनं घातला १८२० च्या दशकात. म्हणजे चिन्हं आधी आली आणि त्यांचा आजचा अर्थ दीडशे वर्षांनी पक्का झाला. तुझे एक सर नाही म्हणतात आणि दुसरे उचलून नेतात, त्याचं कारण या इतिहासात आहे.

आता फरक बघ. लायब्निझच्या चिन्हात खाली कोण आहे ते लिहिलेलं असतं, पण कुठल्या जागी मोजायचं ते लिहिलेलं नसतं. लाग्रांजच्या चिन्हात जागा कंसात असते, पण कुणाच्या मानानं ते लिहिलेलं नसतं, ते समजून घ्यायचं. एफ डॅश म्हणजे एफच्या स्वतःच्या पोटात जे जातं त्याच्या मानानं. "एफ डॅश ऑफ जी ऑफ एक्स" वाचताना आधी एफ डॅश पूर्ण कर, नवं फंक्शन तयार होऊ दे, मग त्याच्या पोटात जी ऑफ एक्स घाल. डॅश एकट्या एफवर आहे. सगळ्याला मोठा कंस घालून बाहेर डॅश दिला तर तो सबंध मिश्रणावर, एक्सच्या मानानं. या दोघांतला फरक म्हणजेच तो गुणिले जी डॅश.

एमएस्सी_चालू

मास्तर, नमस्कार. थोडी असहमती नोंदवतो, कारण "कट करा, चालतंय" असा निष्कर्ष निघायला नको.

पुस्तकातली सिद्धता डेल्टा वाय/डेल्टा एक्स = डेल्टा वाय/डेल्टा यू गुणिले डेल्टा यू/डेल्टा एक्स इथून सुरू होते. हे डेल्टा म्हणजे छोटे फरक, खऱ्या संख्या आहेत, इथं काटाकाटी हक्कानं करता येते. पण डेल्टा यू शून्य झाला तर? शून्यानं भागता येत नाही. आणि तसं होतं. एक्स स्क्वेअर गुणिले साइन ऑफ १/एक्स हे फंक्शन घ्या, शून्यापाशी किंमत शून्य ठरवा. शून्याच्या कितीही जवळ जा, डेल्टा यू पुन्हा पुन्हा शून्य होतो. उपाय सोपा आहे, भागाकार टाळायचा. डेल्टा वाय = (वायचा यूच्या मानानं दर + एक छोटी चूक) गुणिले डेल्टा यू असं लिहायचं. ती चूक डेल्टा यूबरोबर शून्याकडं जाते आणि डेल्टा यू शून्य असताना शून्यच धरायची. मग सगळ्याला डेल्टा एक्सनं भागा.

दुसरं, काटाकाटी कुठं दगा देते ते दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला, म्हणजे दराचा दर काढताना, दिसतं. वाय = यूचा वर्ग, यू = एक्सचा वर्ग. म्हणजे वाय हा एक्सचा चौथा घात, दुसरा डेरिव्हेटिव्ह १२ एक्स स्क्वेअर. काटाकाटीवाला म्हणेल, वायचा यूच्या मानानं दुसरा डेरिव्हेटिव्ह २, त्याला डीयू/डीएक्सच्या वर्गानं, ४ एक्स स्क्वेअरनं, गुणा. उत्तर ८ एक्स स्क्वेअर. चूक! राहिलेले ४ एक्स स्क्वेअर दुसऱ्या पदातून येतात : डीवाय/डीयू, म्हणजे २ एक्स स्क्वेअर, गुणिले यूचा एक्सच्या मानानं दुसरा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे २.

कृष्णाकाठ

हे डेल्टा यू शून्यचं वाचून वही काढली. त्यात चार तास ओळीनं एकच आकडा आहे. पाणी थबकलं होतं. तेव्हा "पातळीतला फरक भागिले विसर्गातला फरक" काढायला बसलो असतो तर शून्य भागिले शून्य. पण पातळी तासाला किती चढतेय याचं उत्तर मात्र होतंच, शून्य. त्या चार तासांत आख्खी गल्ली जागी होती.

बारावी_पुन्हा

मग पेपरात काय लिहायचं? कटतं की कटत नाही?

गणिताचे_मास्तर

पेपरात नियमाचं विधान लिही : वाय हे यूचं डिफरन्शिएबल फंक्शन, यू हे एक्सचं डिफरन्शिएबल फंक्शन, म्हणून अमुक. लक्षात ठेवायला काटाकाटी खुशाल वापर, लायब्निझनं चिन्ह तसं सोयीचं केलंय ते उगाच नाही. कारण म्हणून मात्र लिहू नकोस. आणि एमएस्सीवाल्यानं सांगितलेलं दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं उदाहरण वहीत उतरवून ठेव.

पसरणी_घाट

माझी एक सवय सांगतो, एककं लिहायची. वाईहून पाचगणीला पसरणी घाटानं चढताना गारवा वाढतो. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. घाट किलोमीटरमागं साधारण पन्नास मीटर चढतो असं धरू, गाडी तासाला तीस किलोमीटर. अंश/मीटर गुणिले मीटर/किलोमीटर गुणिले किलोमीटर/तास. ०.००६५ गुणिले ५० गुणिले ३०, तासाला पावणेदहा अंश. बारा किलोमीटरचा घाट चोवीस मिनिटांत, म्हणजे चारेक अंशांचा फरक. पहिल्या वळणाला काच खाली असते, टेबललँड दिसेपर्यंत पोरं स्वेटर मागतात.

एककं कटताना दिसली की साखळी बरोबर लागली. नाही कटली तर मधली एखादी कडी राहिली.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल एसटीत बसून वीस गणितं केली, प्रत्येक पायरीखाली पेन्सिलीनं "कशाच्या मानानं" आणि "कुठं मोजला" असं लिहून. अठरा बरोबर आली. दोन चुकली ती कुठं चुकली ते माझं मलाच सापडलं, हे पहिल्यांदाच झालं. दोन्हीकडं मधली कडी गाळली होती.

पण एक नवंच अडलं. लॉग ऑफ कॉस ऑफ एक्स स्क्वेअरचं उत्तर मी काढलं : उणे २एक्स टॅन ऑफ एक्स स्क्वेअर. पुस्तकातही तेच आहे. मग वाटलं, कृष्णाकाठ काकांसारखे आकडे घेऊन बघू. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर, एलएनचं बटण वापरून, एक्स = १ आणि एक्स = १.००१ ला किंमत काढली, वजाबाकी केली, ०.००१ नं भागलं. आलं उणे ०.०००६१. सूत्रात त्याच कॅल्क्युलेटरवर एक्स = १ घातलं तर उणे ०.०३४९. जवळपाससुद्धा नाही! दोनदा केलं. कुठं चुकलं?

एमएस्सी_चालू

कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे का बघा. वर कोपऱ्यात डीईजी लिहिलेलं असेल.

द्राक्षबाग_तासगाव

हो, डिग्रीतच होता. रेडियनला केला. आता फरकानं उणे ३.१२ आणि सूत्रानं उणे ३.११. जुळलं!

पण डिग्रीत सूत्र का चुकावं? कोन तोच आहे, फक्त मोजायची पट्टी बदलली.

वाईची_मावशी

पट्टी बदलली म्हणजे कुणाच्या मानानं ते बदललं की गं.

गणिताचे_मास्तर

वा, मावशी! बाळ, साइनचा दर कॉस आणि कॉसचा दर उणे साइन हे फक्त कोन रेडियनमध्ये असताना. डिग्रीत असेल तर मध्ये एक कडी जास्त आहे : डिग्रीचं आधी रेडियन होतं. एका डिग्रीमागं रेडियन किती? पाय भागिले १८०. तुझा तो उणे ०.०३४९ घे आणि स्वतः करून बघ.

द्राक्षबाग_तासगाव

पाय भागिले १८० = ०.०१७४५.
उणे ०.०३४९ गुणिले ०.०१७४५ = उणे ०.०००६१.

आलं!! एसटी तासगाव स्टँडात शिरतेय, उतरते. राहिलेली गणितं रात्री.